टीएसएच वाढला की खापर टेन्शनवर!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ताणामुळे थायरॉइड बिघडतो’ अशा आशयाचा मजकूर हल्ली वरचेवर वाचायला मिळतो, आणि रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारा हार्मोन) वाढला की खापर ताणावर फुटते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. उरलेल्या अर्ध्यापायी इंदूरमध्ये कुणी थायरॉइडची नको असलेली गोळी सुरू करतो, तर कुणी चालू असलेली गोळी प्राणायामाच्या भरवशावर सोडून देतो.

ताण महिनोन् महिने चालला की कॉर्टिसॉल हे ताणाचे हार्मोन चढे राहते. त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडताना हात आखडता घेते आणि थायरॉइडच्या टी-४ हार्मोनचे जास्त प्रभावी टी-३ मध्ये होणारे रूपांतर मंदावते. त्याऐवजी निष्क्रिय असा रिव्हर्स टी-३ वाढतो. म्हणजे ताणाने टीएसएच झुकलाच तर खाली झुकतो. रिपोर्टवर टीएसएचचा ९ किंवा १२ असा वाढीव आकडा आला आणि ‘टेन्शन घेता तुम्ही’ एवढ्यावर बोळवण झाली, तर ते उत्तर अपुरे आहे. खुद्द थायरॉइड ग्रंथीकडे बघायला हवे: फ्री टी-४ (रक्तातला मोकळा टी-४) आणि एकदा अँटी-टीपीओ (ग्रंथीविरुद्ध शरीरानेच तयार केलेली प्रतिपिंडे). ही दुसरी तपासणी एकदा पॉझिटिव्ह आली की दर सहा महिन्यांनी तिच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही, कारण त्या आकड्यावर गोळीचा डोस ठरत नाही.

रोगप्रतिकारशक्तीचा मामला याहून गुंतागुंतीचा. थोडा वेळचा ताण तिला जागी करतो. तोच रेंगाळला की पेशी दाह रोखणाऱ्या कॉर्टिसॉलला दाद देईनाशा होतात. दाह आटोक्यात राहत नाही आणि संसर्गाशी लढणेही ढिले पडते. अमेरिकेत १९९८ साली दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर मुद्दाम छोटी जखम करून पाहिले. सुट्टीतल्यापेक्षा परीक्षेच्या तोंडावर केलेली जखम भरायला सुमारे ४० टक्के जास्त वेळ लागला. विद्यार्थी अकराच होते हे खरे, पण इंदूरच्या भंवरकुव्याच्या कोचिंगमध्ये मुले पाठवणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. थायरॉइडपुरते बोलायचे तर मोठ्या आघातानंतर ग्रेव्हज आजार, म्हणजे ग्रंथी अति काम करू लागण्याचा विकार, उद्भवल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत. हाशिमोटो, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथी मंदावण्याचा विकार, याच्या बाबतीत पुरावा तेवढा भक्कम नाही.

आता तपासणीतल्या चुका. टीएसएच रात्री व पहाटे जास्त, दुपारी कमी असतो. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला, तेही वेगळ्या लॅबमध्ये रक्त दिले, तर त्या दोन आकड्यांची तुलना फोल. डेंग्यू, न्यूमोनियातून उठताना तो तात्पुरता वाढतो, तेव्हा निदान सहा आठवडे थांबून तपासावे. केसांसाठीच्या गोळ्यांतले बायोटिन काही यंत्रांना फसवते: टीएसएच खोटा कमी, टी-४ खोटा जास्त, आणि धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर ग्रेव्हज उमटतो. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवावे. टीएसएच वाढलेला पण १० च्या आत आणि फ्री टी-४ नॉर्मल असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघावे. पुष्कळदा तो आपोआप खाली येतो. गर्भारपणात मात्र थांबू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर उठल्याबरोबर साध्या पाण्याने घ्यावी आणि पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नको, मग खुशाल पोहे-जिलबी. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी. गोळ्यांची बाटली गॅसशेजारच्या फळीवर ठेवू नये, उष्णतेने आणि वाफेने औषधाचा जोर कमी होतो. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत तपासणी करू नये, आकडा स्थिरावलेलाच नसतो.

‘ताणावर उतारा’ म्हणून सर्रास खपणारी अश्वगंधा थायरॉइड हार्मोन वाढवू शकते. गोळीच्या जोडीला ती घेऊन छातीत धडधड, हाताला कंप, वजनात घट असे काही सुरू झाले, तर डॉक्टरांना अश्वगंधेचे नाव आधी सांगावे. ‘ते काय, घरगुतीच आहे’ म्हणून नेमके तेच सांगायचे राहून जाते.

आपला,
एक पॅथॉलॉजिस्ट, रामबाग, इंदूर