प्रत्येक ‘जॉब’ला नोकरी लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनुवादित बातम्यांत आणि यंत्रांच्या मराठी माहितीपत्रकांत ‘जॉब’ दिसला की ‘नोकरी’ लिहून मोकळे होण्याची सवय इतकी रुळली आहे की ती चूक आता खटकेनाशी झाली आहे. इंग्रजीत हा शब्द नोकरीच्या अर्थाने बराच उशिरा आला. सोळाव्या शतकात ‘जॉब ऑफ वर्क’ म्हणजे कामाचा एक तुकडा, सुटे काम. कोशकार सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशात हा शब्द हलक्या दर्जाचा ठरवला, त्याची व्युत्पत्ती आपल्याला सांगता येत नाही असे कबूल केले आणि एक अर्थ दिला तो किरकोळ, अधूनमधून हाती लागणाऱ्या कामाचा. कायमची पगारी जागा हा अर्थ त्यानंतर रूढ झाला. तुकड्याचा मूळ अर्थ ध्यानात ठेवला की पुढची बरीच कोडी सुटतात.

पहिली खूण क्रियापदाची. ‘गेट’, ‘लूज’, ‘क्विट’ आले तर बहुधा नोकरी. ‘डू’ आले तर काम. ‘गुड जॉब’ ही शाबासकी, ‘चांगली नोकरी’ नव्हे. ‘इट इज युवर जॉब टू...’ येथे जबाबदारी. ब्रिटिश बोलीतल्या ‘हॅव अ जॉब डूइंग समथिंग’ने मात्र चांगले अनुवादकही फसतात. तिथे नोकरीचा संबंधच नाही. एखादी गोष्ट करताना नाकी नऊ येणे, एवढाच त्याचा अर्थ.

यंत्रशाळेत हा तुकडा अक्षरशः हातात धरता येतो. लेथ म्हणजे धातू गोल फिरवत कापणारे यंत्र; त्याच्या चकात, म्हणजे फिरत्या पकडीत, धरलेला, कापायचा धातू म्हणजे जॉब. ‘यंत्र सुरू करण्यापूर्वी नोकरी घट्ट धरा’ हा सल्ला व्यवहारी असेल, पण टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराच्या, उपयोगाचा नाही. मराठी बोलणारा टर्नर ‘जॉब’च म्हणतो आणि अनुवादातही तोच ठेवावा, ‘कार्यवस्तू’ कोणाच्या तोंडी नाही. शब्द चुकला की सूचनाही वाया जाते. जॉब चकाबाहेर त्याच्या व्यासाच्या साधारण तिपटीहून जास्त निघालेला असेल तर मोकळ्या टोकाला टेलस्टॉकच्या, म्हणजे चकासमोरच्या आधाराच्या, सेंटरचा (टोकदार दांड्याचा) आधार द्यावा लागतो. नाही दिला तर टूलच्या दाबाने टोक मागे झुकते, तिथे धातू कमी कापला जातो आणि चकाजवळ मापात असलेला जॉब टोकाला जाड भरतो. या वाक्यात ‘जॉब’च्या जागी ‘नोकरी’ किंवा नुसते ‘काम’ घालून पाहा.

छापखान्यात एका गिऱ्हाईकाची एक ऑर्डर म्हणजे एक जॉब. संगणकाने हाच अर्थ उचलला. प्रिंटरच्या रांगेतला प्रत्येक दस्तऐवज हा जॉब. पुढचा अडला की मागचे सगळे खोळंबतात आणि रांग मोकळी करावी लागते. युनिक्स या संगणकप्रणालीतला ‘क्रॉन जॉब’ म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा आदेश. त्याच्या ओळीत आधी मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने असतात, आदेश त्यानंतर. याला ‘नियोजित काम’ म्हटले की पुरते.

वृत्तपत्राच्या दृष्टीने खरी अडचण अर्थविषयक बातम्यांत आहे. अमेरिकेचे महिन्याचे रोजगाराचे आकडे आले की ‘इतक्या लाख लोकांना नोकऱ्या मिळाल्या’ असा मथळा पडतो. तिथला ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स हा सरकारी विभाग दोन वेगळी सर्वेक्षणे करतो. मथळ्यातला आकडा आस्थापनांच्या, म्हणजे कामगार ठेवणाऱ्या कंपन्या-कार्यालयांच्या, सर्वेक्षणातला असतो आणि त्यात माणसे मोजलेली नसतात, पगारपत्रकावरच्या जागा मोजलेल्या असतात. दोन ठिकाणी काम करणारा एकच माणूस तिथे दोनदा येतो. शेतमजूर, स्वयंरोजगारवाले आणि घरकामगार त्यात नसतातच. माणसे मोजली जातात ती कुटुंबांच्या सर्वेक्षणात, आणि बेरोजगारीचा दर तिथून येतो. म्हणून एकाच महिन्यात जागा वाढल्या आणि बेरोजगारीही वाढली, असे होऊ शकते. आस्थापनांच्या आकड्यात महिन्याच्या १२ तारखेचा समावेश असलेला पगाराचा कालावधी धरतात. त्या पूर्ण कालावधीत संपावर राहिलेला, पगार न मिळालेला कामगार या मोजणीतून गळतो, पण त्याची नोकरी गेलेली नसते. शिवाय आकडा निव्वळ वाढीचा असतो, नव्या भरतीचा नाही. ‘पगारी जागांत इतक्या लाखांची निव्वळ वाढ’ हा मथळा थोडा लांब होईल, पण खरा असेल.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय-वर्गीकरणात, २००८च्या आवृत्तीत, जॉब म्हणजे एका व्यक्तीने करायच्या कामांचा आणि कर्तव्यांचा संच. मग ती व्यक्ती मालकाकडे असो वा स्वतःचा धंदा करणारी. बरीच सारखी कामे असलेल्या जॉब्जचा गट म्हणजे ‘ऑक्युपेशन’. या व्याख्येप्रमाणे स्वतःचे दुकान चालवणाऱ्यालाही ‘जॉब’ आहे, पण मराठीत त्याला कोणी नोकरदार म्हणणार नाही. तिथे ‘रोजगार’ किंवा ‘काम’ हवे.

किरकोळ खाचखळगे आणखी आहेत. ‘जॉब लॉट’ म्हणजे एकगठ्ठा विकायला काढलेला सटरफटर माल, ‘इनसाइड जॉब’ म्हणजे घरभेद्याचे कृत्य, ‘जॉब्जवर्थ’ म्हणजे नियमावर बोट ठेवून अडवणूक करणारा कर्मचारी. ‘जॉबर’चे तर दोन स्वतंत्र इतिहास आहेत: लंडनच्या शेअर बाजारात दलालांशी व्यवहार करणारा आणि १९८६च्या सुधारणांत वेगळी जागा गमावलेला व्यापारी, आणि मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार भरती करून त्यांच्यावर देखरेख ठेवणारा मुकादम.

आणि ‘पेशन्स ऑफ जोब’मध्ये तर हा शब्दच नाही. स्पेलिंग तेच, उच्चार ‘जोब’. संकटांतही धीर न सोडणारा, मराठी बायबलातला ईयोब तो हाच. ‘जोब्ज कम्फर्टर’ म्हणजे सांत्वनाला येऊन जखमेवर मीठ चोळणारा. एरवी कॅपिटल अक्षरावरून ईयोब ओळखू येतो, पण वाक्याच्या सुरुवातीला आणि इंग्रजी मथळ्यांत साधा जॉबही कॅपिटलनेच लिहितात. तिथे मागचा-पुढचा मजकूर वाचल्याशिवाय अनुवादाला हात घालू नये.

आपला,
एक भाषांतरकार