तित्तराचा आवाज स्पीकरवर नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या माळाला लागून आमची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. मागच्या पंधरवड्यात भल्या पहाटे बांधावर गेलो, तर तरवडाच्या बाजूनं तित्तर ओरडत होतं. पटीला, पटीला, पटीला. ऐकत उभा राहिलो आणि काहीतरी खटकलं. तित्तर मधे दम खातं, जागा बदलतं, माणसाची चाहूल लागली की गप्प होतं. हे मात्र एकाच जागेवरून, एकाच पट्टीत चाललेलं. नीट कान दिला तेव्हा ध्यानात आलं, की दर फेरीत चौथ्या हाकेनंतर लांबून मोटारसायकलचा हॉर्न वाजतोय. आमच्या माळावर रस्ताच नाही.

जवळ गेलो. तरवडाच्या बुडाशी मुठीएवढा स्पीकर, त्यावर निळा दिवा लुकलुकतोय आणि भोवती नायलॉनच्या फाशांची रांग. एका फाशात नर अडकलेला. ओढाताणीत त्याच्या पायाचं कातडं सोलून निघालं होतं. मी फास कापला. ते उडालं नाही, लंगडत घाणेरीत शिरलं.

हा आवाज मला स्वतःला तोंडानं काढता येतो, म्हणून हे पत्र लिहितोय. बहात्तरच्या दुष्काळात मी तिसरीत होतो. एका म्हाताऱ्या फासेपारधी बाबांचं पाल आमच्या रानात पडलं होतं. त्यांनी मला शिकवलं. ओठांवर ओंजळ धरायची, जीभ टाळूला लावून सोडायची आणि शेवटचा 'ला' वर उचलायचा. पहिले दहा-बारा दिवस माझ्या तोंडातून नुसती फुंकर निघायची. बाबा म्हणायचे, "लेकरा, आधी ऐक. बोलायचं मागून बघू." महिनाभरानं एका सकाळी पलीकडच्या बाभळीवरून उत्तर आलं, तेव्हा अंगावर काटा आला होता. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो भांडायलाच येतो. सगळी शिकार त्याच्या या रागावर चालते.

बाबांकडं पिंजऱ्यात पाळलेलं तित्तर असायचं. ऊन चढलं की ते ओरडायचं थांबायचं आणि बाबा फासे गुंडाळायचे. मादी सापडली तर सोडून द्यायचे. अंडी-पिलांच्या दिवसांत फासे बाहेरच काढायचे नाहीत. त्या वर्षी त्यांनी दिलेलं तित्तर आमच्या घरी शिजलं, मीही खाल्लं, हे लपवत नाही. त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्या कायद्यात फासे लावणं, आमिष दाखवणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं, हीसुद्धा शिकारच धरली आहे. म्हणजे पक्षी हाती लागला नाही तरी गुन्हा होतोच.

स्पीकर मात्र दमत नाही. त्याला नर-मादी कळत नाही की हंगाम कळत नाही. एप्रिलपासून जोड्या अंड्यांवर येतात आणि नेमका त्याच दिवसांत नर सर्वांत तापट असतो, हाकेला लगेच धावतो. तो गेला की ती जागा सुनी. नांगरलेल्या रानात पिलांना घेऊन वाळवी वेचणारी तित्तरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

माझा भाचा अमेरिकेत मोंटाना राज्यात नोकरीला आहे. तिथं परवाना काढून एल्क नावाच्या मोठ्या हरणाची शिकार करता येते. सप्टेंबरात त्यांचे नर शिट्टीसारखे ओरडतात. अशा नराला बोलवायला भाच्यानं 'कॉल' नावाचं आवाज काढायचं नवीन साधन घेतलंय. घोड्याच्या नालेसारखी छोटी चौकट, त्यावर ताणलेलं पातळ रबर, ते टाळूला दाबून जिभेनं आवाज काढायचा. दोन महिने तो रोज गाडीत बसून सराव करतोय आणि अजून मादीचा आवाज त्याला नीट जमलेला नाही. मी विचारलं, मोबाइलवर का वाजवत नाहीस? म्हणाला, "मामा, रेकॉर्ड केलेला आवाज लावून एल्क मारायला इथं कायद्यानं बंदी आहे." शिकारीला परवानगी असलेल्या मुलखातली ही गोष्ट. आपल्याकडं तर शिकारच बंद आहे.

मी तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं, "गुरुजी, बघतो पारध्यांच्या पालावर जाऊन." याचं मला फार वाईट वाटलं. स्पीकर लावणारी पोरं पालावरची नाहीत, हे सांगूनही कोणी लिहून घेतलं नाही. १९५२ साली पारध्यांवरचा जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का कायद्यातून पुसला, बोलण्यातून अजून गेलेला नाही. माल जातो ढाब्यांवर, 'गावरान' म्हणून. तपास तिथून सुरू करावा. एप्रिल ते जून पहाटे पाच ते सात या वेळात माळावर गस्त हवी. तित्तराचा खरा आवाज आणि स्पीकरचा आवाज पालावरच्या पोरांइतका लवकर कोणाला ओळखता येणार नाही, तेव्हा गस्तीला त्यांनाच रोजंदारीवर घ्यावं. नायगाव मयूर अभयारण्य आमच्याच तालुक्यात आहे, सुरुवात तिथल्या आसपासच्या गावांतून करता येईल. वाचकांना असा एकसुरी आवाज ऐकू आला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

तो स्पीकर आणि एकोणीस फासे मी पिशवीत बांधून घरी ठेवले आहेत. पंचनाम्याला कोणी आलं तर जागाही दाखवीन.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. पाटोदा, जि. बीड