जुन्या जीपचं पासिंग गाडीखाली बघून करा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या गाड्यांच्या पासिंगची, म्हणजे आरटीओत तपासून रजिस्ट्रेशन रिन्यू करायची, फी वाढली त्यावरून सध्या बरंच बोललं जातंय, पेपरात पण आणि गॅरेजच्या बाकड्यावर पण, म्हणून मला पण थोडं लिहायचं आहे. मी डिचोली तालुक्यात राहते. माझ्याकडे १९९७ ची मारुतीची जिप्सी किंग जीप आहे, माझ्या नावावरची पहिलीच गाडी, एका घराच्या मागच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती ती घेतली आणि पुन्हा रस्त्यावर आणली. ती घेतल्यापासून ओळखीचा प्रत्येक माणूस एकच सांगायचा, अगो पंधरा वर्षं उलटून गेलीत, भंगारात घाल.

तर आधी तेवढं स्पष्ट करते, कारण हा गैरसमज खूप पसरलाय. पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षं झाली की गाडी बंद, हे दिल्ली आणि आजूबाजूच्या राजधानी परिसराचं (एनसीआर) आहे, गोव्याचं नाही. आपल्याकडे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, ते संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून अर्ज करायचा, गाडी तपासून घ्यायची, आणि गाडी ठीक असेल तर पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यू होतं, मग परत पाच वर्षांनी. म्हणजे कायदा पण वय झालं म्हणून गाडी मारून टाका असं म्हणत नाही, गाडी चालवण्यालायक आहे का ते बघा म्हणतो. माझं सगळं म्हणणं या एका "बघा" वर आहे, कारण जुनी जीप बघायची ती खालून, आणि आपल्याकडे खालून कोणी बघत नाही. घेणारा बघत नाही, रंगवणारा बघत नाही आणि पासिंग करणारा पण बघत नाही.

माझी गाडी वरून छान दिसत होती. रंग बरा होता, सीट ठीक, इंजिन थोडं धक्के खात पण चालू झालं. माझं नशीब की मी एका जुन्या मेकॅनिकला दाखवली, वय सत्तरीच्या आसपास, सगळं आयुष्य जीपाखाली गेलेलं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. गोणपाट अंथरून खाली सरकले, हातात छोटा हातोडा, आणि चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, पुढून मागे टकटक करत गेले. टण टण टण असा आवाज येत होता आणि मागचा कमानपाटा (स्प्रिंग) चेसिसला जिथे अडकवतात त्या हँगरजवळ एकदम ठप्प झाला. मला म्हणाले, "बाय, हांगा पळय" (बाई, इथे बघ). मी पण टॉर्च घेऊन खाली गेले. वर काळा अंडरकोट, गंजू नये म्हणून खालून मारतात तो थर, एकदम नवा, चकचकीत. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवून नुसता दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला, बाहेर ओढला तर भोकातून लाल माती भुरभुर खाली पडायला लागली, किती वेळ पडत होती. वाळवी लागलेल्या वाशासारखं झालं होतं, बाहेरून सरळ आणि आत पोकळ.

हे असं का होतं ते पण त्यांनीच सांगितलं. जिप्सीची चेसिस म्हणजे चारी बाजूंनी बंद लोखंडी पेटी, तिला पाणी जायला भोकं असतात, पण आपली लाल माती त्या भोकांत बसते आणि ती बंद होतात. मग पावसाळाभर आत ओली माती. गोव्यात पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास, वर्षभर दमट हवा, किनाऱ्याच्या बाजूला तर हवेतच मीठ, म्हणजे लोखंड आतून सडायला अजून काय पाहिजे. आणि अशा गंजावर कोणी अंडरकोट मारला की ओल आतच अडकते आणि गंज दुप्पट जोमाने पसरतो, दिसत मात्र काही नाही. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने नव्या अंडरकोटला भुलू नये, उलट जास्त बारीक बघावं. मॅट उचलून फ्लोअर बघावा, काचेच्या फ्रेमचा खालचा भाग बघावा, मागच्या चाकांच्या कमानीवर लोहचुंबक फिरवावा, जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली आहे असं समजावं.

चेसिसचं काम हे सगळ्या कामातलं खरं काम. सडलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा, तेवढ्याच जाडीची प्लेट घालून वेल्डिंग करायचं, पेट्रोलची टाकी आधी उतरवायची, बॅटरी काढायची, आणि एक गोष्ट कुठलाही टिंकरिंगवाला (पत्र्याचं काम करणारा) आपणहून सांगणार नाही ती म्हणजे चेसिस नंबर जिथे कोरलेला आहे त्या जागेला ग्राइंडर लावू द्यायचा नाही. तो नंबर पुसट झाला की आरसी बुकाशी जुळणार कसा? मग गाडी कितीही चांगली होऊ दे, कागदावर ती संशयितच.

दुसरं म्हणजे रंगाची घाई. आमच्याकडे प्रत्येकाला गाडी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी पाहिजे असते, आणि ऑगस्टच्या त्या ओल्या हवेत कापलेल्या पत्र्यावर प्रायमर (रंगाआधीचा हात) मारला जातो, दिवाळीपर्यंत फोड येतात आणि मग पेंटरला शिव्या. वेल्डिंग, इंजिन, ब्रेक ही कामं पावसात शेडखाली खुशाल करा, पण उघडा पत्रा आणि रंग दसऱ्यानंतरच. माझी गाडी चवथीला जुन्याच रंगात, अर्धवट उभी होती, पाव्हण्यांनी नावं ठेवली, ठेवू देत.

इंजिनबद्दल लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि खरं म्हणजे ते सगळ्यात सोपं आहे. १९८५ ला जी पहिली जिप्सी आली ती ९७० सीसीची, तिचे पार्ट शोधावे लागतात, पण १९९६ पासूनच्या किंगमध्ये १३०० सीसीचं इंजिन आहे, एस्टीममध्ये होतं त्याच घराण्यातलं, त्यामुळे बरंचसं सामान मिळतं. कार्ब्युरेटर साफ केला, टाकी उतरवून आतला गंज काढला की बिचारं चालतं. पेट्रोलचं मात्र आता नीट लक्ष ठेवायला हवं. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेलेच नव्हते, ते फुगतात नाहीतर चिरा पडतात, आणि गरम इंजिनजवळ पेट्रोल गळणं म्हणजे काय ते सांगायला नको. इथेनॉल हवेतली ओल पण ओढून घेतं, महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत त्यामुळे पाणी जमतं. सगळे पेट्रोल पाइप नवीन, इथेनॉलला टिकणारे घाला आणि गाडी उभी न ठेवता चालवा.

पण इंजिनाच्या आधी ब्रेक आणि स्टिअरिंग. जिप्सी आणि तसल्या जुन्या जीपा खड्ड्यात आदळल्या की कधीकधी स्टिअरिंग असं काही थरथरायला लागतं की हातात धरवत नाही, गाडी पूर्ण थांबवेपर्यंत थांबत नाही. लोक व्हील बॅलन्सिंग करून आणतात, काही दिवस बरं वाटतं, परत सुरू. बहुतेक वेळा दोष पुढच्या अॅक्सलच्या (दोन चाकांमधल्या आसाच्या) किंगपिन बेअरिंगमध्ये, ज्यावर चाक वळतं, टाय रॉडच्या, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकांत, कमानपाट्यांच्या बुशमध्ये असतो, सगळीकडे थोडी थोडी ढिलाई आणि ती एकत्र येते. तिथलाच ऑइल सील गेला की गिअर ऑइल बाहेर येऊन ब्रेकपर्यंत पोचतं. आणि हे सगळं कुठून दिसतं? खालूनच.

कुळ्याला दूधसागरच्या वाटेवर जीपा चालवणारे लोक आहेत ना, त्यांना हे सगळं पाठ असतं, मी त्यांच्याकडून एक गोष्ट शिकले ती इथे मुद्दाम लिहिते. अॅक्सलच्या वर एक छोटीशी नळी असते, ब्रीदर, आतल्या गरम हवेला बाहेर जायला. ती मातीने बंद झाली आणि तापलेला अॅक्सल नदीच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं, गिअर ऑइल दुधाळ होतं आणि बेअरिंग संपतात. काही रुपयांची नळी आणि तिच्यामुळे सगळा डिफरन्शियल, अॅक्सलमधला गिअरचा गोळा, जातो. नवीन मालक मात्र या नळीकडे न बघता मोठे टायर, लाइट बार, विंच यावर पैसे घालतात, आणि मग गाडी घेऊन समुद्रावर रीळ काढायला जातात. समुद्रावर गाडी घालणं बेकायदेशीर आहे, पोलीस केस होते आणि व्हायलाच पाहिजे, शिवाय खारं पाणी चेसिसच्या आत गेलं की त्या गाडीचं कोणीही काही करू शकत नाही.

मोठे टायर, दुसरं इंजिन, कापलेली बॉडी, याबद्दल कायदा पण स्पष्ट आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळं करायचं नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलं. इंजिन बदलायचंच असेल तर आरटीओची परवानगी घेऊन. मला हा नियम पटतो. मूळ ब्रेक मूळ टायरच्या हिशोबाने केलेले असतात.

आता फी. खाजगी चारचाकीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती ५००० झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केली. दुसरीकडे २०२१ च्या नियमाने ५० वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी विंटेज ठरते, तिला वेगळा नंबर, वेगळा मान. म्हणजे ५० वर्षं झाली की कौतुक आणि २० वर्षं झाली की दुप्पट पैसे, मग मधली ३० वर्षं ती गाडी कोणी सांभाळायची? मी फी भरायला तयार आहे, माझी तक्रार वेगळी आहे. एवढे पैसे घेऊन बघतात काय? माझ्या पासिंगच्या वेळी गाडी उभ्या उभ्या बघितली, चेसिस नंबर, लाइट, हॉर्न, वायपर, पीयूसी, झालं. खाली कोणी वाकून सुद्धा बघितलं नाही. मी केलेलं सगळं चेसिसचं काम कोणाला दिसलं नाही याचं मला वाईट वाटत नाही, पण तीच गाडी मी सडलेल्या चेसिसवर अंडरकोट मारून नेली असती तरी तशीच पास झाली असती, आणि तशा गाड्या पास होऊन अनमोडच्या घाटात चढतायत, त्यांच्या पुढेमागे आपली पोरं स्कूटरवर असतात.

म्हणून वाहतूक खात्याला विनंती आहे की १५ वर्षांवरच्या प्रत्येक गाडीची तपासणी पिटवर (गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर) किंवा रॅम्पवर घेऊन करा, चेसिस, ब्रेक पाइप, स्टिअरिंगचे सांधे, कमानपाटे, आणि काय सापडलं ते मालकाला लेखी द्या. नापास असेल तर कशात नापास ते कळू दे, दुरुस्त करून परत आणू दे. ज्याची गाडी दुरुस्त होण्यापलीकडे गेली तो आपणहून भंगारात देईल.

आणि हे तपासायला, दुरुस्त करायला माणसं पाहिजेत. माझ्या मेकॅनिककडे शिकायला कोणी नाही, पोरांना स्कॅनर लावून कोड वाचायचं काम येतं आणि ते पण लागतंच, पण हातोड्याचा आवाज ऐकून गंज ओळखणारं, कार्ब्युरेटर कानाने लावणारं पुढे कोण आहे? फर्मागुडी, म्हापसा आणि सत्तरी तालुक्यातलं होंडा गाव इथे आयटीआय आहेत, वेल्डरचा आणि मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतात. अशा दोन-चार जुन्या मिस्त्रींना मानधन देऊन तिथे बोलवावं, एखादी जप्त नाहीतर निकालात काढलेली सरकारी जीप पोरांसमोर उघडून ठेवावी आणि वर्षभर तिचंच काम करू द्यावं. सरकारच्या आवारांत अशा जीपा गवतात उभ्या असतात, त्या लिलावात किलोवर जाण्याआधी निदान एक तरी आयटीआयला द्या. माझे मेकॅनिक शिकवायला तयार आहेत, मी विचारलंय.

आपली,
एक वाचक, डिचोली