हेडर फाइल म्हणजे लायब्ररी नव्हे

महोदय,

प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्या की 'सी' प्रोग्रॅमिंगच्या जर्नलांत एक वाक्य हमखास सापडते : 'लायब्ररी फंक्शन हेडर फाइलमध्ये असतात.' ते लिहिले की मार्क मिळतात. पण ते चूक आहे (लायब्ररी फंक्शन म्हणजे आपण न लिहिता तयार मिळणारे फंक्शन), आणि पहिल्या वर्षाच्या मुलांचे बरेचसे घोळ तिथूनच सुरू होतात.

एसटीडीआयओ डॉट एच ही वाचता येणारी, साध्या मजकुराची हेडर फाइल आहे. तीत प्रिंटएफचे फक्त प्रोटोटाइप असते : नाव काय, आर्ग्युमेंट कोणती, परत काय मिळणार. पडद्यावर अक्षरे उमटवणारा कोड आधीच कंपाइल होऊन (म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरून) वेगळ्या लायब्ररी फाइलीत बसलेला असतो. तो आपल्या प्रोग्रॅमला जोडण्याचे काम लिंकरचे. हा फरक वर्गात दाखवायला पाच मिनिटे पुरतात. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर घ्या, मॅथ डॉट एच इन्क्लूड करा, एक्स या डबल व्हेरिएबलमध्ये स्कॅनएफने आकडा घ्या आणि एसक्यूआरटीने त्याचे वर्गमूळ काढा. हेडर बिनचूक असूनही बहुतेक वेळा 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी' असे येते. ही तक्रार कंपायलरची नाही, लिंकरची आहे. गणिताची लायब्ररी तिथे वेगळी असल्याने आज्ञेच्या शेवटी -एलएम लिहावे लागते. शेवटीच. फाइलच्या नावाआधी लिहिले तर उबुंटूवर तीच एरर पुन्हा येते.

गंमत पुढे आहे. एक्सऐवजी थेट 16.0 लिहिले तर -एलएमशिवायही प्रोग्रॅम चालतो, कारण जीसीसी कंपाइल करतानाच 4 हे उत्तर काढून ठेवतो आणि फंक्शन बोलावलेच जात नाही. त्यामुळे 'सरांच्या मशीनवर चालले, माझ्याकडे नाही' असे वाद होतात.

उलट बाजूही पाहावी. हेडर विसरले तर? सीच्या 1989च्या प्रमाणानुसार (म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांनुसार) अनोळखी फंक्शन इंट परत देते असे कंपायलर गृहीत धरत असे. म्हणून टर्बो सी या डॉसवरच्या जुन्या कंपायलरमध्ये मॅथ डॉट एच नसताना वर्गमूळ भलतेच छापले जाई, एरर मात्र नाही. 1999च्या प्रमाणाने ही मुभा काढली. जीसीसी त्यानंतरही वर्षानुवर्षे केवळ वॉर्निंग देत राहिला. 2024मध्ये आलेल्या 14व्या आवृत्तीपासून तो अशा ठिकाणी थांबतो. जुन्या जर्नलमधले प्रोग्रॅम नव्या मशीनवर अडतात त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण कोनिओ डॉट एच. क्लिअरस्क्रीनसाठीचे सीएलआरएससीआर आणि शेवटी लिहायचे गेटसीएच ही फंक्शन सीच्या प्रमाणात कधीच नव्हती. ती डॉसवरच्या कंपायलरांची सोय होती. टर्बो सीत प्रोग्रॅम संपला की आउटपुटचा पडदा लगेच नाहीसा होई (आल्ट-एफ5 दाबून तो परत पाहता येई), म्हणून गेटसीएचने एक की दाबेपर्यंत थांबवून ठेवायची युक्ती निघाली. ती युक्ती आज सीचा नियम म्हणून शिकवली जाते. 64 बिट विंडोजवर 16 बिटांचा टर्बो सी थेट चालतही नाही, डॉसबॉक्स बसवावा लागतो, तरी अनेक प्रयोगशाळा त्यालाच धरून आहेत.

कीबोर्डवरून ओळ वाचणाऱ्या गेट्स या फंक्शनची गोष्ट मात्र सोयीपुरती नाही, धोक्याची आहे. या फंक्शनला ॲरे किती मोठा आहे हे सांगायची जागाच नाही. 10 कॅरॅक्टरच्या ॲरेत ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत टाइप केले, तर 11 अक्षरे आणि शेवटचा नल (मजकूर संपल्याची खूण) मिळून 12 बाइट होतात; वरचे 2 बाइट शेजारच्या मेमरीवर जातात. कधी काहीच बिघडत नाही, कधी दुसऱ्याच व्हेरिएबलची किंमत बदलते. नोव्हेंबर 1988मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला, त्याच्या वाटांपैकी एक हीच होती : फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेतल्या 512 बाइटच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) गेट्समार्फत 536 बाइट ढकलले गेले. अखेर 2011च्या प्रमाणातून गेट्स काढून टाकले. त्याऐवजी एफगेट्स वापरावे. त्याला ॲरेचा आकार द्यावा लागतो. फक्त ते एंटरचे चिन्हही ओळीसोबत ठेवते, हे लक्षात ठेवून ते काढून टाकावे, नाहीतर स्ट्रसीएमपीने केलेली तुलना जुळत नाही.

एंटरवरूनच आणखी एक नेहमीची रड. स्कॅनएफने रोल नंबर घेतला आणि पुढच्या ओळीत एफगेट्सने नाव विचारले, तर संगणक नाव न घेताच पुढे जातो. रोल नंबरनंतर दाबलेले एंटर बफरमध्ये उरलेले असते, तेच नाव म्हणून वाचले जाते. यावर एफफ्लश-एसटीडीइन, म्हणजे इनपुटचा बफर रिकामा करणे, हा तोडगा शिकवतात. पण एफफ्लशचा अर्थ प्रमाणात आउटपुटसाठी दिलेला आहे, इनपुटवर ते काय करील याची हमी नाही. खात्रीचा मार्ग असा की प्रत्येक वेळी पूर्ण ओळ एफगेट्सने घ्यावी आणि तिच्यातून आकडा एसस्कॅनएफने काढावा. शिवाय परत आलेली किंमत तपासावी. एक आकडा मागितला आणि 1 परत आला नाही, तर समोरच्याने आकडा टाइपच केलेला नाही.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी एक प्रयोग. यूटीएफ-8 या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत 'महाराष्ट्र' लिहून स्ट्रलेनला द्या. उत्तर 30 येईल. स्ट्रलेन अक्षरे मोजत नाही, नलपर्यंतचे बाइट मोजते. काना, हलन्त धरून या शब्दात 10 चिन्हे आहेत आणि प्रत्येकाला 3 बाइट लागतात. नावासाठी 20 बाइटचा ॲरे ठेवणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा.

हे सारे शोधायला महागडी पुस्तके लागत नाहीत. लिनक्सवर 'मॅन 3 एसक्यूआरटी' (मॅन ही माहितीची पाने दाखवणारी आज्ञा) लिहिले की हेडर कोणती, लायब्ररी कोणती जोडायची, परत काय मिळते आणि फंक्शन कोणत्या प्रमाणात आहे, हे एका पानावर येते. या पानांचा तिसरा विभाग लायब्ररी फंक्शनचा, दुसरा सिस्टिम कॉलचा. पाने नसतील तर उबुंटूवर मॅनपेजेस-डेव्ह हे पॅकेज टाकावे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती एवढीच : 'कोणतीही पाच लायब्ररी फंक्शन लिहा' हा प्रश्न काही वर्षे बाजूला ठेवावा. आठ ओळींचा प्रोग्रॅम द्यावा आणि विचारावे, हा कंपाइलला अडेल, लिंकला अडेल की चालताना?

– सी शिकवणारा एक अध्यापक, सातारा