माफीनाम्याचा विसर पडला काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणांच्या बाबतीत न्यायालयांनी लोकभावना ओळखावी, या आशयाचे मंत्रिमहोदयांचे भाषण कालच्या अंकात पहिल्या पानावर वाचले आणि ‘दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा’ असा सल्ला देणारा आपला अग्रलेखही वाचला. न्यायालयाने कोणता असंयम केला, हे मात्र अग्रलेख दोनदा वाचूनही उमगले नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा, हे नियम २००० साली केंद्र सरकारने केले आहेत. ते कोणा न्यायमूर्तींच्या लहरीतून उतरलेले नाहीत. निवडून आलेल्यांनी स्वतःच केलेले नियम पाळावेत, एवढे सांगणे हा जर लोकभावनेचा अवमान असेल, तर तो अवमान आधी सरकारी राजपत्राने केला आहे.

मंत्रिमहोदयांना २०१७ चा गणेशोत्सव आठवत नसावा. मला आठवतो, कारण माझे थोरले बंधू तेव्हा हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात होते आणि त्यांच्या खिडकीसमोरच एका मंडळाच्या ध्वनिवर्धकांची भिंत उभी होती. फाटकावर ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी होती, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या ध्वनिप्रदूषणाचे नियम काटेकोर पाळायला सांगणाऱ्या ऑगस्ट २०१६ च्या आदेशाची प्रत घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी प्रत न उलगडताच विचारले, “काका, पाटी आहे हो, पण अधिसूचना कुठे आहे?” मला वाटले, ते टोलवाटोलवी करीत आहेत. पुढे कळले की त्यांचे म्हणणे अगदी कायदेशीर होते. १० ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने नियमच असा बदलला होता की राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय रुग्णालयाचा परिसरदेखील शांतता क्षेत्र ठरू नये. आणि आता राज्यात एकही शांतता क्षेत्र उरलेले नाही, असे राज्य सरकारने न्यायालयातच सांगून टाकले होते. आदेश पाळणे जड जाते तेव्हा ज्या नियमावर तो उभा आहे तो नियमच काढून घ्यायचा, ही युक्ती भाषणांपेक्षा कितीतरी परिणामकारक आहे. (ती एका पक्षाची मक्तेदारीही नाही. १९७५ साली पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती अमलात आली तीही १० ऑगस्टलाच, सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीच्या आदल्या दिवशी.)

तेवढ्यावर भागले नाही म्हणून की काय, गणेशोत्सवाच्या तोंडावर राज्य सरकारने ध्वनिप्रदूषणाची प्रकरणे ऐकणाऱ्या न्यायमूर्ती अभय ओक यांच्यावरच पक्षपाताचा आरोप केला आणि मुख्य न्यायमूर्तींनी ती प्रकरणे त्यांच्याकडून काढूनही घेतली. वकिलांच्या संघटनांनी निषेध केला, तेव्हा न्यायमूर्ती ओक यांच्यासह तीन न्यायमूर्तींचे पीठ नेमावे लागले आणि सरकारला माफी मागावी लागली. हेच न्यायमूर्ती पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला त्या नियमबदलाला स्थगिती दिली, पण ४ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती थांबवली आणि ५ तारखेला अनंत चतुर्दशी होती. आमच्या खिडकीसमोर काय झाले असेल, हे वेगळे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश मला मुळीच पटला नाही. पण तेवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालय लोकभावनेच्या विरोधात आहे, असे मी कोणत्याही व्यासपीठावरून ओरडलो नाही. त्या दिवशी मंत्रिमहोदयांच्या पक्षालाही न्यायालये फार नकोशी झाली नव्हती, असे स्मरते.

आजही तक्रार करणारा नागरिक विघ्नसंतोषी ठरतो, त्याचे नाव मंडळापर्यंत कसे पोहोचते हे कोणी विचारत नाही आणि आदेश देणाऱ्यांना ‘निवडून न आलेले’ म्हणून हिणवले जाते. निवडून आलेल्यांनी त्या २०१७ च्या माफीनाम्यात काय लिहिले होते, तेवढे तरी आपण भाषणाशेजारी चौकटीत छापायला हवे होते. जागेची अडचण मी समजू शकतो. याच विषयावरील माझ्या मागील पत्रातला रुग्णालयाचा सगळा परिच्छेद आपण जागेअभावी गाळला होता. कालच्या अंकात मात्र याच मंत्रिमहोदयांच्या शुभेच्छांची पानभर जाहिरात व्यवस्थित बसली आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ठाणे