वनमंत्र्यांना खुले पत्र: तोडीच्या पंचनाम्यात ढोलीचीही नोंद घ्या

प्रति,
माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. शाळेतली मुलं कर्नाळा पक्षी अभयारण्यात जातात, भाषणं होतात, फोटोही बरे येतात. माझी त्याला हरकत नाही. फक्त कोकणातला पक्षी अभयारण्याची हद्द पाहून घर बांधत नाही. बहुतेक वेळा तो कुणाच्या तरी सातबारावर राहतो, आणि त्या सातबारावरच्या झाडतोडीविषयी, त्या झाडांतल्या ढोल्यांविषयीच मला आपल्याशी बोलायचं आहे.

आमचं पक्ष्यांचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. पहिल्या पावसाबरोबर तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या दरडीत बीळ कोरायला घेतो. जुलै-ऑगस्टात समुद्र खवळला की मास्क्ड बूबी, सूटी टर्न असे खोल समुद्रातले पक्षी दमून वाळूत येऊन पडतात. लोक कळकळीने त्यांना पुन्हा लाटांत सोडतात, आणि ते पक्षी मरतात. (किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत एका माणसाला याचं शिक्षण देणं काही अवघड नाही.) नोव्हेंबरात आफ्रिकेला निघालेले अमूर ससाणे चतुर टिपत वरून जातात. थंडीत भाट्यापासून हर्णैपर्यंतच्या किनाऱ्यावर कुरव, सुरय, चिखल्या आणि कालवं फोडून खाणारा ऑयस्टरकॅचर असा पक्ष्यांचा मेळा भरतो. त्या थव्यातून गाडी घालून रील काढणारे पर्यटकही थंडीतच येतात, पण ते खातं आपलं नाही.

आपलं खातं येतं ते जानेवारीनंतर, धनेशांची (हॉर्नबिलची) वीण सुरू झाल्यावर.

महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश हे दोघेही रत्नागिरी-सिंधुदुर्गात आजही घरटी करतात. त्यासाठी त्यांना जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातली ढोली लागते. बेहडा, सातवीण, रायवळ आंबा अशी झाडं आता देवराईत तरी उरलीत, नाहीतर कुणाच्या खासगी रानात. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठेने, फळांच्या गराने तोंड लिंपून घेते. चोच आत जाईल एवढीच फट उरते. आत तिची पिसं झडतात, मग उडायचं म्हटलं तरी उडता येत नाही. नर वडा-उंबराची फळं, रानजायफळ, कधी सरडा-विंचू आणून त्या फटीतून भरवत राहतो. महाधनेशाच्या बाबतीत हा बंदिवास तीन-चार महिन्यांचा असतो. तेवढ्यात झाड तोडलं तर मादी आणि पिल्लं आतच मरतात, आणि नर फळं घेऊन नुसता फेऱ्या मारतो.

तोडीचा हंगामही नेमका हाच. पावसाआधी माल रानातून बाहेर काढायचा असतो, म्हणून फेब्रुवारी ते मे करवती चालू असतात.

जमीनमालकाला शिव्या घालण्यात अर्थ नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या मालकीचं रान नावापुरतं आहे. डोंगरावर हिरवं दिसतं ते बहुतेक सगळं खासगी. एका सातबारावर वीस-पंचवीस नावं, निम्मे भाऊबंद मुंबईला. ठेकेदार उभ्या रानाची उक्ती रक्कम सांगतो, गणपतीला आलेले चाकरमानी सह्या करून जातात. गंमत अशी, की ढोलीच्या झाडाला व्यापाऱ्याच्या लेखी फारशी किंमत नसते. पोकळ बुंध्यातून फळी निघत नाही, तो जळाऊ म्हणून जातो. म्हणजे ते वाचवायला सरकारला फार मोठी रक्कम मोजावी लागणार नाही.

अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पालगत २०११-१२ पासून धनेशाची घरटी दत्तक देण्याची योजना चालते. देणगीदारांच्या पैशातून न्यिशी समाजातले गावकरी घरटी राखतात. आपल्याकडे मालकाला ढोलीचं वर्षाचं भाडं थेट खात्यावर द्यायला काय हरकत आहे?

हाच भाड्याचा उपाय समुद्र गरुडाच्या घरट्यालाही लावता येईल. किनाऱ्यालगतच्या उंच आंब्यावर किंवा सुरूवर काटक्यांचं भलंमोठं घरटं करून तो वर्षानुवर्षं तेच वापरतो. ते झाडही बहुधा कुणाच्या वाडीतलंच. रायगड जिल्ह्यात म्हसळ्यातल्या चिरगावच्या गिधाडांचंही तेच. मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांना विष ठरणारी वेदनाशामकं हटवावी लागली: जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक २००६ साली बंद झालं, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक २०२३ साली. ती लढाई मोठी होती. पण विषातून वाचलेल्या गिधाडालाही घरट्यासाठी जुनं झाड लागतं.

नवा कायदा मागत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या व्याख्येनुसार रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणं हीसुद्धा शिकारच आहे. आणि झाडतोडीला परवानगी आपलंच खातं देतं. पंचनाम्यात झाडाची जात, घेर, सर्व्हे नंबर सगळं येतं. ढोलीत कोण राहतं, हे मी पाहिलेल्या कागदांत तरी कुठे आलेलं नाही. एक रकाना वाढवा: ‘झाडावर घरटे किंवा वापरातील ढोली आहे काय?’ उत्तर ‘होय’ असेल, तर ते झाड आणि त्याच्या भोवतालचे वड-उंबर परवान्यातून वगळा. ओळखता येत नसेल तर वनरक्षकांनी गावातल्या गुराख्याला विचारावं. त्याला ढोल्या पाठ असतात.

परिपत्रक डिसेंबरअखेर निघालं, तरच ते फेब्रुवारीपर्यंत वनपालांच्या टेबलावर पोहोचेल. मार्चमध्ये निघालं तर यंदाची वीण गेली म्हणून समजा. चिपळूण, संगमेश्वर, सावंतवाडी या तीन तालुक्यांपासून सुरुवात केलीत तर माहीत असलेल्या ढोल्यांची यादी द्यायला आमच्यासारखे पुष्कळजण तयार आहेत. फक्त ती यादी ठेकेदारांच्या हाती पडणार नाही, एवढी व्यवस्था करा.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातला एक पक्षीनिरीक्षक