बॉल पायात नसताना

कोल्हापूर,
17 ऑगस्ट 2025

प्रिय वंदना,

तुझ्या फोनला तीन आठवडे झाले. बायकांच्या युरो कपच्या फायनलच्या पेनल्टी संपल्या, इंग्लंडची क्लोई केली पळत सुटली आणि दुसऱ्याच मिनिटाला तुझा फोन वाजला. घरातले सगळे झोपले होते म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन दबक्या आवाजात बोलत होते. तू मात्र चिडली होतीस. ‘अख्खी मॅच बॉल स्पेनकडं आणि कप इंग्लंडकडं! आता उद्या मी माझ्या पोरींना काय सांगू? पासिंग करा म्हणू की नको?’ मी काहीतरी बोलून तुला शांत केलं, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना.

तुझ्या हाताखाली पंधरा वर्षांखालच्या अठरा पोरी आहेत, त्यामुळे नुसतं ‘छान खेळा’ म्हणून भागणार नाही. म्हणून मी ती मॅच पुन्हा दोनदा पाहिली, आणि दोन्ही वेळा एकच नियम पाळला. जिच्या पायात बॉल आहे तिच्याकडं बघायचं नाही, बाकीच्यांकडं बघायचं. वंदना, तीच मॅच मला निराळी दिसली.

स्पेनचा गोल आठव. पंचविसावं मिनिट. अथेनिया उजवीकडं बॉल घेऊन उभी आहे आणि तिच्या बाहेरून ओना बातये पळत वर येते आहे. बातये फुलबॅक आहे, म्हणजे तिचं मूळ काम बचावाचं. अथेनियानं बॉल तिच्या वाटेत सोडला, तिनं क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर बॉल, टाकला आणि मारिओना काल्देन्तेईनं डोक्यानं गोल केला. आपण टाळ्या वाजवल्या त्या क्रॉसला आणि हेडरला. पण गोलाचं बी पडलं ते बातयेच्या धावेत. ती पळाली नसती तर अथेनियापुढं दोनच वाटा होत्या, मागं पास देणं नाहीतर समोरच्या दोघींशी झुंजणं.

आता इंग्लंडचा गोल, सत्तावन्नावं मिनिट. केली उजव्या पायाची, पण खेळत होती डावीकडं. उजव्या पायाची पोरगी डावीकडून क्रॉस मारते तेव्हा बॉल गोलकडं वळत आत येतो. त्यामुळे पुढच्या बाईला ताकद लावावी लागत नाही, नुसती दिशा द्यावी लागते. अलेसिया रूसोनं तेच केलं. क्रॉस निघायच्या वेळी ती बचावपटूंच्या मधल्या फटीत होती, आणि ती फट तिनं आधी हेरून ठेवली होती. आपल्या वेळी उजव्या पायाची उजवीकडं आणि डाव्या पायाची डावीकडं, एवढाच हिशेब असायचा. तुझ्या पोरींपैकी दोघींच्या बाजू एखादा आठवडा बदलून बघ.

मला सांगायचं आहे ते एवढंच. बॉल किती वेळ आपल्याकडं आहे याच्या महत्त्वाला एक मर्यादा आहे. गेल्या तीन-चार वर्षांत बायकांच्या फुटबॉलमध्ये हल्ला बदलला आहे तो बॉल नसलेल्या पोरींच्या पायांनी. पास देणारी ठरवते असं आपण मानत आलो. बारकाईनं बघितलं तर धावणारी पोरगी तिला सांगत असते, ‘इथं दे.’

यात तुझी-माझी चूक नाही गं. आपण फुटबॉल शिकलो तो शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून, पेठांच्या मॅचेस बघत. ज्याच्या पायात बॉल त्याच्या नावानं ओरडायचं, त्यानं दोघांना चकवलं की स्टेडियम डोक्यावर घ्यायचं. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं कोण किती पळालं हे कुणी कधी मोजलं नाही. मला आजही तो आवाज हवाहवासा वाटतो. पण पोरींना शिकवताना नजर दुसरीकडं वळवावी लागते, आणि ती वळवायला मला स्वतःलाच फार वर्षं लागली.

सगळ्यात सुंदर उदाहरण 2023 च्या वर्ल्ड कप फायनलचं. सिडनी, स्पेन आणि इंग्लंड. रविवारची दुपार होती आपल्याकडं, आठवतंय? इंग्लंडची लूसी ब्रॉन्झ उजव्या बाजूची फुलबॅक. ती बॉल घेऊन मैदानाच्या मध्यात घुसली आणि तिथंच अडकली. बॉल गेला. तिची जागा, म्हणजे इंग्लंडची उजवी बाजू, त्या क्षणी ओस पडलेली. तेरे आबेयेरानं एका पासात बॉल तिकडं वळवला, मारिओनाकडं. आता मारिओनाकडं बघू नकोस. तिच्या मागून ओल्गा कार्मोना येते आहे, डाव्या बाजूची फुलबॅक, त्या दिवशीची कप्तान. मारिओना एक श्वास थांबली आणि बॉल तिच्या पुढ्यात सरकवला. कार्मोनानं डाव्या पायानं जमिनीलगत लांबच्या कोपऱ्यात मारला. 1-0, आणि तोच शेवटपर्यंत राहिला.

ब्रॉन्झ जिथून निघाली तिथंच कार्मोना पोहोचली, हे तू पोरींना फळ्यावर काढून दाखव. समोरची जागा सोडते तेव्हाच आपण निघायचं, ती हरवलेला बॉल शोधत असताना नव्हे. मॅच संपल्यावर कार्मोनाला कळलं की तिचे वडील दोन दिवसांपूर्वी गेले. आणि त्या दिवसानंतर जगभर चर्चा झाली ती बक्षीस समारंभातल्या एका पुरुष पदाधिकाऱ्याच्या वागण्याची. ती व्हायलाच हवी होती. पण त्या गोंधळात एवढा देखणा गोल लोक विसरले याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच स्पर्धेत स्पेननं एक मॅच 4-0 अशी गमावली होती, जपानविरुद्ध, वेलिंग्टनला. तू म्हणतेस ना, बॉल ज्याच्याकडं त्याचं राज्य? त्या दिवशी जपानकडं बॉल जेमतेम पाव वेळ होता. पाच जणी मागं, त्यांच्यापुढं चौघी, आणि स्पेन त्या भिंतीसमोर इकडून तिकडं पास देत बसलेलं. बॉल मिळाला की जपानच्या दोघी-तिघी एकदम स्पेनच्या बचावफळीच्या पाठीमागं पळायच्या. हिनाता मियाझावानं दोन गोल केले आणि स्पर्धेत एकूण पाच गोल करून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट नेला. आणि ती नेहमीची सेंटर फॉरवर्ड, म्हणजे सगळ्यात पुढं गोलसमोर खेळणारी, नव्हे, मागून येणारी खेळाडू! सेंटर फॉरवर्डला बचावपटू धरून ठेवतात, मागून येणारीला कुणी धरायचं हेच त्यांना ठरवता येत नाही.

स्पेननं त्यातून काय शिकलं बघ. बाद फेरीत त्यांना तारलं साल्मा पारायुएलोनं, जी आधी 400 मीटर धावणारी अ‍ॅथलीट होती. नेदरलँड्सविरुद्ध जादा वेळेत तिचा गोल, स्वीडनविरुद्ध सेमीफायनलमध्ये पुन्हा तिचा गोल, दोन्ही वेळा बाकावरून येऊन. म्हणजे पासिंगच्या त्या राण्यांनाही सरळ पळणारी पोरगी लागलीच. म्हणून तुला सांगते, पासिंग सोडू नकोस, पण त्याला पळणारी माणसं दे. नुसते पास म्हणजे फोडणी नसलेली आमटी.

धाव म्हणजे दर वेळी बॉलकडं पळणं नव्हे, हेही शिकवावं लागतं. गेल्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये अमेरिकेचा गोल झाला, ब्राझीलविरुद्ध, सत्तावन्नाव्या मिनिटाला. कॉर्बिन अल्बर्टनं बचावफळीतून बॉल आरपार सोडला. सोफिया स्मिथ त्याच्या सगळ्यात जवळ होती, पण ती ऑफसाइड होती, म्हणजे बॉल सुटायच्या आधीच बचावफळीच्या पलीकडं पोहोचलेली. तिनं बॉलला स्पर्श केला असता तर गोल गेला असता. तिनं तो सोडून दिला आणि मागून मॅलरी स्वॉन्सननं येऊन सुवर्णपदकाचा गोल केला. गोल करायच्या त्या वयात, त्या क्षणी, बॉल सोडून देणं! मी माझ्या टीमच्या मुलींना ती क्लिप चार वेळा दाखवली. त्या स्पर्धेत अमेरिकेचे 12 गोल झाले, त्यातले 10 स्वॉन्सन, स्मिथ आणि ट्रिनिटी रॉडमन या तिघींचे. तिघी एकमेकींच्या जागा बदलत राहायच्या, त्यामुळे कुणाला कोण धरणार हाच प्रतिस्पर्ध्यांचा गोंधळ.

अमेरिकेच्या लीगमध्ये तर नुसता वेग आहे. मलावीची टेमवा चाविंगा कॅन्सस सिटी क्लबसाठी 2024 च्या हंगामात 20 गोल करून विक्रम करून बसली, झांबियाच्या बार्ब्रा बांडानं ऑर्लँडोला फायनल जिंकून दिली. बॉल हिसकावला की दोन-तीन पासांत गोलपर्यंत. तुझ्याकडं तशी एखादी वाऱ्यासारखी पळणारी असेल तर तिला मध्ये ठेवून पासिंगच्या चौकटीत कोंडू नकोस, तिच्यासाठी मोकळं मैदान ठेव.

आता बदली खेळाडूंचं. हे मला मनापासून लिहायचं आहे, कारण यात आपली जुनी जखम आहे. आपल्याला शिकवणारे सर बाकावर बसवायचे ते शिक्षा म्हणून. शेवटच्या पाच मिनिटांत आत घ्यायचे ते उपकार म्हणून. तू एकदा आंतरजिल्हा स्पर्धेत सगळी मॅच बूट घालून बसली होतीस आणि येताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून रडलीस. मी बघत होते, बोलले नाही. आज पाच जणी बदलता येतात, आणि जगातले चांगले प्रशिक्षक शेवटच्या अर्ध्या तासाचा संघ वेगळा आखतात. समोरच्यांचे पाय सत्तर मिनिटं पळून जड झालेले असतात, तेव्हा ताज्या पायांची धाव दुप्पट किमतीची. 24 मे ला लिस्बनची चॅम्पियन्स लीग फायनल, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, आपण फोनवर बोलत बोलत पाहिली. आर्सेनलच्या बेथ मीड आणि स्टिना ब्लॅकस्टेनियस एकत्र आत आल्या आणि सात-आठ मिनिटांत मीडच्या पासवर ब्लॅकस्टेनियसनं गोल केला. त्या एका गोलावर आर्सेनलनं बार्सिलोनाला हरवलं. इंग्लंडची मिशेल अ‍ॅजिमांग, अवघी 19 वर्षांची, या युरोत स्वीडनविरुद्ध आणि इटलीविरुद्ध बाकावरून येऊन बरोबरीचे गोल करून गेली. इटलीविरुद्ध तर सहाव्या भरपाईच्या मिनिटाला.

आणि हे आपल्या नेरुळमध्येही घडलं होतं. 2022 च्या फेब्रुवारीत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशिया कपची फायनल, चीन मध्यंतराला दक्षिण कोरियाकडून 0-2 मागं. मध्यंतरानंतर आत आलेल्या झांग लिनयाननं बरोबरी साधली आणि भरपाईच्या वेळेत श्याओ यूयीनं 3-2 केलं. तेव्हा मी तुला मेसेज केला होता, ‘आपल्या सरांनी हे बघायला हवं होतं.’ तुझ्या पोरींना आठवड्याच्या सुरुवातीलाच सांग, ‘तू सत्तराव्या मिनिटाला येणार, आणि तुझं काम हे आहे.’ तिला मॅचभर बघायला लाव की समोरची कुठली बचावपटू दमली आहे. मग बाकावर बसलेली पोरगी खिडकीकडं तोंड करणार नाही.

त्याच मैदानावर त्याच वर्षी ऑक्टोबरात आपण सतरा वर्षांखालची फायनल बघायला गेलो होतो. स्पेननं कोलंबियाला स्वयंगोलावर हरवलं. घरी येईपर्यंत तू कोलंबियाच्या लिंडा कायसेदोबद्दलच बोलत होतीस. पुढच्या जुलैत तिनं जर्मनीविरुद्ध वर्ल्ड कपमध्ये गोल केला तेव्हा मला पहिली आठवण तुझी झाली. स्पेनची विकी लोपेझ, जिला आपल्यासमोर स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलं, तिनं या युरोत पोर्तुगालविरुद्ध गोल केला. आपण त्यांना आधी बघितलंय वंदना, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून.

एक काळजीची गोष्ट. पळायला शिकवशील तेव्हा आधी थांबायला शिकव. एकट्या आर्सेनलच्या मीड, मिडेमा, विल्यमसन आणि वीनरॉइदर अशा चौघींचं गुडघ्याचं लिगामेंट 2022-23 च्या एका हंगामात तुटलं. त्यांच्याकडं डॉक्टर आहेत, शस्त्रक्रियेचे पैसे आहेत. आपल्या पोरीचा गुडघा गेला तर घरचे तिला परत मैदानावर पाठवत नाहीत. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे, उड्या मारून नीट जमिनीवर येणं, एका पायावर तोल, मांडीमागच्या स्नायूंचे व्यायाम. फुकट आहे, साधन लागत नाही. एकही दिवस चुकवू नकोस. पोरी कंटाळतील, तरी करून घे.

मी सध्या रोज दहा मिनिटं एक खेळ घेते. पाच विरुद्ध पाच, आणि पास दिल्यावर जी जागेवर उभी राहील तिच्या संघाचा बॉल गेला. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. चौथ्या दिवशी एका पोरीनं बॉल न मिळता सलग तीन वेळा धाव घेतली, आणि तिसऱ्या वेळी तिच्यामागं दोघी ओढल्या गेल्या म्हणून दुसरीला गोल मिळाला. गोल करणारी थेट तिच्याकडं पळत गेली. मी शिट्टी वाजवायची विसरले.

जुलैत संगीता बासफोरच्या दोन गोलांनी आपण थायलंडला त्यांच्या घरी हरवलं आणि आशिया कपला पात्र ठरलो. तेव्हापासून माझ्याकडं तीन नव्या पोरी आल्या. एकीचे वडील स्वतः सोडायला येतात आणि सरावभर कुंपणाला टेकून उभे असतात.

दिवाळीच्या सुट्टीत तुझी टीम घेऊन इकडं ये. राहायची सोय आमच्याकडं आणि शेजारच्या काकूंकडं होईल, मी विचारून ठेवलंय. दोन मॅचेस खेळू. तुझी ती डावखुरी फुलबॅक, जिच्याबद्दल तू म्हणालीस की पुढं जायला घाबरते, तिला नक्की आण. तिला मी कार्मोनाचा गोल दाखवणार आहे.

तुझी,
शैला